पित्ताशयातले खडे, बायोप्सी आणि आईची दुर्मीळ गाठ

येरळाकाठ:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, पण आईचा दोन वर्षांचा स्कॅन हातात पडल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तो परवा आला. नीट आहे. म्हणून आता सविस्तर लिहितो.

दोन वर्षांपूर्वी आईचं पित्ताशय काढलं. तेव्हा तिचं वय अठ्ठावन्न. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि पाठीत, खांद्याच्या पात्यापर्यंत जायची. गावात 'पित्त झालंय' म्हणून गोळ्या दिल्या. सात-आठ महिने पँटोप्राझोलवर गेले. शेवटी विट्याला सोनोग्राफी केली तेव्हा एक मोठा आणि बारीक बरेच खडे दिसले. रिपोर्टात आणखी एक ओळ होती, पित्ताशयाची भिंत एका जागी जाड असल्याची. ती ओळ घरात कोणी वाचलीच नाही. खडे म्हटल्यावर सगळ्यांचं लक्ष खड्यांवर.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तासाभरानं सिस्टर बाहेर आल्या, हातात दोन वस्तू. गॉजच्या तुकड्यात खडे होते, तुरीच्या डाळीएवढे, पैलू पडल्यासारखे, आणि त्यात एक आवळ्याएवढा. दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची बरणी, आत हिरवट काळी पिशवी. "बघून घ्या" म्हणाल्या. बघितलं. याचं पुढं काय करायचं, असं विचारलं तर उत्तर आलं, "साधे खडे आहेत, तपासायची गरज नाही. पाहिजे तर पाठवा, खर्च तुमचा." हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. ऑपरेशन त्यांनी चांगलंच केलं होतं, आई तिसऱ्या दिवशी घरी आली.

मी बरणी तिथंच ठेवून निघालो होतो. जिन्यात मामेबहिणीचा फोन आला. ती लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिनं आईची चौकशी केली आणि लगेच विचारलं, "बरणीत काय ओतलंय, सलाइन का फॉर्मालिन?" मी परत वर गेलो. सलाइन होतं, त्यात नमुना टिकत नाही, टिकवायला फॉर्मालिन लागतं. तिनं फोनवरच सिस्टरना सांगून ते बदलून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी बरणी सांगलीला नेली. मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली बरणी. झाकणातून तो उग्र वास येत होता आणि शेजारच्या आजी दोनदा विचारत होत्या, "काय नेतोयस रं?"

सहा दिवसांनी रिपोर्ट आला. लॅबच्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं, बसवलं आणि सांगितलं की खड्यांच्या आजाराबरोबर भिंतीत सव्वा सेंटिमीटरची गाठ आहे. गाठ कर्करोगाची आहे, पण नेहमीच्या प्रकारची वाटत नाही, आयएचसी, म्हणजे पेशींना खास रंग देऊन गाठीची जात ओळखायची तपासणी, करावी लागेल. आयएचसी हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मग गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ठोकळे घेऊन परळला टाटा मेमोरियल. तिथं निदान झालं: न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ, ग्रेड २. पित्ताशयात हे फार क्वचित होतं. गाठ स्नायूच्या थराबाहेर गेली होती, म्हणून दुसरं ऑपरेशन करून यकृताचा पित्ताशयाला चिकटलेला भाग आणि आजूबाजूच्या लसिकाग्रंथी काढल्या. ग्रंथींमध्ये काही निघालं नाही. केमो लागली नाही. आता ठरावीक मुदतीनं स्कॅन आणि तपासणी.

ती बरणी मी तिथंच ठेवून आलो असतो तर हे कधी कळलं असतं, या विचारानं अजून झोप उडते. डॉक्टर मंडळी इथं आहेत म्हणून सरळ विचारतो. काढलेलं प्रत्येक पित्ताशय तपासायला पाठवायचंच, असं सगळीकडे का होत नाही?

सायली_पुणे:
वाचून अंगावर काटा आला. आईंची तब्येत चांगली आहे हे वाचून बरं वाटलं. मला वेगळंच विचारायचंय. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझ्या पित्ताशयात ६ मिलिमीटरचा पॉलिप दिसला. मी ३४ वर्षांची, त्रास काहीच नाही. एक डॉक्टर म्हणाले काढून टाका, दुसरे म्हणाले विसरून जा. दोन्ही ऐकून रात्रभर गूगल करत बसले.

काचपट्टी:
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गेली अनेक वर्षं दिवसाला दोन-चार तरी पित्ताशयं माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी सायली यांचं. पित्ताशयातले बहुतेक पॉलिप हे खरे पॉलिप नसतातच. आतल्या अस्तरात कोलेस्टेरॉल साठून त्याचा लोंबता दाणा तयार होतो. त्याचा कर्करोग होत नाही. खरा अडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणारी गाठ, क्वचित. युरोपातल्या तज्ज्ञ संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार १० मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पित्ताशय काढावं. ६ ते ९ असेल तर जोखीम पाहायची: वय साठीच्या पुढे, पॉलिप देठाचा नसून बसका, पित्तनलिकांचा एक विशिष्ट जुनाट आजार, आणि आशियाई वंश. हा शेवटचा मुद्दा आपल्या सगळ्यांना लागू पडतो, म्हणून एक डॉक्टर 'काढा' म्हणाले ते अगदीच निराधार नाही. पण चौतिसाव्या वर्षी, देठाचा, स्थिर पॉलिप असेल तर लक्ष ठेवणारेही पुष्कळ डॉक्टर आहेत. सहा महिन्यांनी सोनोग्राफी पुन्हा करा, शक्यतो त्याच मशीनवर, त्याच डॉक्टरांकडे, आणि सहा-आठ तास उपाशीपोटी. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतलं नीट दिसत नाही. तपासताना तुम्हाला कुशीवर वळायला सांगतात का ते पाहा. खडा घरंगळतो आणि मागे सावली टाकतो. पॉलिप जागचा हलत नाही. मग पोटाच्या एखाद्या सर्जनला दोन्ही रिपोर्ट दाखवून ठरवा.

आता येरळाकाठ यांचा प्रश्न. पित्ताशयाच्या कर्करोगात दहातले आठ-नऊ अडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीपेशींचे. उरलेल्यांत बरीच गर्दी आहे. त्वचेच्या पेशींसारखा दिसणारा स्क्वॅमस, दोन्हींचं मिश्रण असलेला अडेनोस्क्वॅमस, न्यूरोएंडोक्राइन, सार्कोमा, लिम्फोमा. कधी गाठ मूळची तिथली नसतेच. एकदा मी पित्ताशय उघडलं तर अस्तरावर काळसर उठाव. सर्जनला फोन करून पेशंटचे तळपाय बघायला सांगितलं. टाचेवर जुना काळा डाग होता, आजोबा त्याला भोवरी समजत होते. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग होता आणि तो पित्ताशयापर्यंत पोचला होता.

न्यूरोएंडोक्राइनची गंमत नाही, पण नवल नक्की आहे. निरोगी पित्ताशयात या जातीच्या पेशी जवळजवळ नसतातच. मग गाठ येते कुठून? खड्यांनी वर्षानुवर्षं अस्तर खरवडलं की शरीर तिथं जठरासारखं किंवा आतड्यासारखं अस्तर उभं करतं. त्याला मेटाप्लेजिया म्हणतात. आतड्याच्या अस्तरात न्यूरोएंडोक्राइन पेशी असतात, त्या इथेही येतात, आणि पुढे कधीतरी त्यांचीच गाठ बनते, असं मानलं जातं. पित्ताशयाच्या कर्करोगांत यांचं प्रमाण साधारण २ टक्के धरतात.

सोनोग्राफी, सीटी, एमआरआय यांवर या सगळ्या गाठी जवळपास सारख्याच दिसतात: जाड भिंत, नाहीतर आत आलेला गोळा. कुठली गाठ, हे सूक्ष्मदर्शकाखाली काचेवरच कळतं. तेही साध्या गुलाबी-जांभळ्या रंगात दर वेळी नाही. म्हणून आयएचसी. पेशीतल्या ठरावीक प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडं टाकायची आणि कुठे तपकिरी रंग उमटतो ते बघायचं. सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन उमटले की न्यूरोएंडोक्राइन. मग केआय-६७ मोजायचा, म्हणजे शंभरातल्या किती पेशी विभागणीच्या तयारीत आहेत. ३ पेक्षा कमी ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २, त्यापुढे ग्रेड ३.

येरळाकाठ:
आईचा केआय-६७ आठ टक्के होता. सर, तुम्ही जे दोन परिच्छेदांत सांगितलंत ते समजायला आम्हाला दीड महिना लागला. एक अनुभव राहिला होता. मुंबईला जाण्याआधी कोणीतरी रक्तातली क्रोमोग्रॅनिन ए तपासणी करायला सांगितली. आकडा मर्यादेच्या पाच पट आला. घरात रडारड झाली, सगळीकडे पसरलाय असंच वाटलं. परळच्या डॉक्टरांनी तो कागद बघून एवढंच विचारलं, "पित्ताची गोळी चालू आहे का?" चालूच होती की, सात-आठ महिने. ती बंद करून दोन आठवड्यांनी परत तपासलं तर आकडा मर्यादेत.

काचपट्टी:
हे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्यांनी जठरातलं आम्ल कमी होतं. ते वाढवायला शरीर गॅस्ट्रिन हे हार्मोन वाढवतं, त्यामुळे जठरातल्या न्यूरोएंडोक्राइन पेशी कामाला लागतात आणि क्रोमोग्रॅनिन चढतं. गाठ नसतानाही. कर्करोगाच्या शंकेनं करतात ती दुसरी रक्ततपासणी म्हणजे सीए १९-९. कावीळ असली, पित्त तुंबलं की ती कर्करोग नसतानाही वाढते. आणि साधारण ५ ते १० टक्के लोकांचा रक्तगटच असा असतो की त्यांच्या शरीरात हा पदार्थ बनत नाही. कर्करोग असूनही त्यांचा आकडा खालीच राहतो. रक्ताच्या एका कागदावर निदानही नको आणि निश्चिंतीही नको.

वैनगंगा:
मी सर्जन आहे, भंडाऱ्याकडे. धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला पाहिजे. माझ्या तालुक्यात पॅथॉलॉजिस्ट नाही. नमुना नागपूरला पाठवावा लागतो, कुरिअरवाले फॉर्मालिनची बरणी घ्यायला तयार नसतात, पेशंटचाच माणूस न्यावा लागतो. धानाच्या हंगामात त्या माणसाची मजुरी बुडते. ऑपरेशनला आधीच उसनवारी केलेली असते. तपासणीचे पैसे सांगितले की लोक हात जोडतात.

म्हणून मी काय करतो, तर प्रत्येक पित्ताशय टेबलावरच कात्रीनं उघडतो, पित्त धुऊन काढतो आणि अस्तर नीट बघतो, बोटांनी चाचपतो. मखमलीसारखं मऊ, सगळीकडे सारखं असेल तर आग्रह धरत नाही. कुठे जाड, पांढरट, खरखरीत वाटलं तर पदरचे पैसे घालून पाठवतो. नेदरलँड्समध्येही, सर्जननं बघून गरज वाटली तरच पाठवायचं, या पद्धतीचा अभ्यास झाला आहे. प्रत्येक पित्ताशय म्हणजे कर्करोग असं वातावरण झालं तर लोक खड्यांच्या ऑपरेशनलाही येणार नाहीत. ते भलतंच महागात पडेल.

काचपट्टी:
डॉक्टर, तुम्ही उघडून बघता याबद्दल मनापासून आदर आहे, सगळेच तेवढं करत नाहीत. तरी मतभेद मांडतो.

पित्ताशयाची भिंत वेगळी असते. आतड्याच्या भिंतीत अस्तराखाली एक पातळ स्नायूपट्टी आणि मग सबम्युकोसाचा थर असतो. पित्ताशयात हे दोन्ही नाहीत. अस्तराखाली थोडी जागा, की लगेच स्नायू. त्यामुळे सपाट, लहान रोग डोळ्यांना आणि बोटांना काही न सांगता स्नायूत शिरलेला असतो. आणि नेमकी हीच वेळ हाती असते. रोग अस्तरालगतच्या थरातच असेल, ज्याला आम्ही टी१ए म्हणतो, तर पित्ताशय काढलं तेवढंच पुरतं. स्नायूत शिरला, टी१बी झाला, की दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करावा लागतो. एका केसाएवढ्या अंतराचा हा फरक बोटाला लागत नाही. दुसरं, खड्यांनी जुनाट सूज आलेलं पित्ताशय सगळंच जाड आणि खरखरीत असतं. त्यात गाठ कुठली आणि सूज कुठली?

नेदरलँड्समध्ये हा रोग कमी आहे, नोंदी चोख आहेत आणि पेशंट परत येतो. भंडाऱ्याचा पेशंट दोन वर्षांनी कावीळ घेऊन येतो.

वैनगंगा:
कावीळ घेऊन आलेले बघितलेत मी. दोघे. एकीचं पहिलं ऑपरेशन दुसरीकडे झालं होतं, रिपोर्ट नव्हताच. तुमचा मुद्दा मान्य आहे. पण बरणी नागपूरला नेणार कोण, हा प्रश्न तसाच उभा आहे. जिल्हा रुग्णालयानं तालुक्यांतून नमुने गोळा करायची आठवड्याची एक गाडी लावली तर अर्धं काम होईल. थुंकीचे नमुने तसे जातातच की.

दुर्गाघाट:
आम्ही बनारसचे मराठी. पणजोबांच्या आधीपासून घर घाटावरच आहे, घरात अजून मराठी बोलतो. चुका झाल्या तर समजून घ्या.

तिकडे महाराष्ट्रात हा आजार दुर्मीळ म्हणता, इकडे गल्लीगल्लीत आहे. बनारस, गाझीपूर, बलिया, पुढे पाटणा, गंगेच्या काठाकाठानं. आणि बायकांमध्ये जास्त. माझी धाकटी काकू गेली, समोरच्या घरातल्या माँजी गेल्या, दोघी एकाच वर्षात. काकूला खडे आहेत हे दहा वर्षं माहीत होतं. दुखलं की ओवा खायची आणि शेकायची. शेवटी डोळे पिवळे झाले तेव्हा नेलं.

कारणं विचारली तर डॉक्टर सांगतात की नक्की एकच असं सापडलेलं नाही. खडे तर आहेतच. पाण्यातलं आर्सेनिक, टायफॉइडचे जंतू पित्ताशयात घर करून राहणं, सरसोच्या तेलातली भेसळ, या सगळ्यांवर संशोधन चालू आहे. आधी लोक मुंबईला जायचे, टाटाच्या बाहेर फुटपाथवर राहायचे. काकूचे यजमानही राहिलेत. २०१८ पासून इथंच लहरताऱ्याला टाटाचं होमी भाभा कॅन्सर रुग्णालय झालं, त्यानं फार दिलासा मिळाला. पण येणारे अजून उशिराच येतात.

म्हणून विनंती, महाराष्ट्रातले जे लोक नोकरीनिमित्त इकडे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, किंवा तुमच्याकडे कामाला आलेली इकडची माणसं आहेत, त्यांच्या घरातल्या बाईला खडे निघाले तर 'ओवा खा' म्हणू नका.

काचपट्टी:
ताई, तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल आभार. आम्ही पेशंटचं मूळ गाव विचारतो ते त्याचसाठी. जगात असा दुसरा पट्टा चिलीत आहे. आणि आपल्याकडे बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदवही १९८७ पासून चालू आहे, देशातली खेड्यांसाठीची पहिली. तिच्यात पित्ताशयाचा कर्करोग तुरळक दिसतो. एकाच देशात एवढा फरक.

बापूराव_वाईकर:
माझा अनुभव उलट आहे, तोही इथं असू द्या. वय ७१. गेल्या वर्षी ताप आला, पोट दुखलं. सीटीत पित्ताशयाची भिंत दोन सेंटिमीटर जाड, यकृताला चिकटलेली, आत काळे ठिपके. रिपोर्टात 'पित्ताशयाचा कर्करोग असण्याची दाट शक्यता'. मुलगा पुण्याहून रात्री निघून आला. मी शेताची कागदपत्रं काढून ठेवली, धाकट्याला सगळ्या पासबुकांच्या जागा दाखवल्या. मोठं ऑपरेशन झालं, यकृताचा तुकडाही काढला. दहा दिवसांनी बायोप्सी आली: कर्करोग नाही. झँथोग्रॅन्युलोमेटस कोलेसिस्टायटिस. हे नाव मी वहीत उतरवून घेतलंय. माझा प्रश्न असा, की ऑपरेशनच्या आधीच सुई घालून का नाही तपासलं? एवढं कापायची वेळ आली नसती.

काचपट्टी:
बापूराव, तुमचा राग समजू शकतो. हा आजार भल्याभल्यांना फसवतो. खडा अडकून पित्त भिंतीत झिरपतं, ते साफ करायला आलेल्या पेशी चरबीनं फुगतात, आणि भिंत इतकी जाड आणि चिकट होते की स्कॅनवर हुबेहूब कर्करोग दिसतो. भिंतीतले ते काळे ठिपके या आजाराकडे बोट दाखवतात, पण खात्री देत नाहीत, कारण दोन्ही एकाच पित्ताशयात असू शकतात.

सुईचं म्हणाल, तर रोग काढता येण्याजोगा असेल तेव्हा आधी सुई घालायचं टाळतात. पित्ताशयाचा कर्करोग सुईच्या वाटेवर आणि पोटाच्या पडद्यावर पटकन रुजतो. शिवाय सुईत सुजेचा भाग आला आणि शेजारी कर्करोग राहिला तर खोटा दिलासा मिळतो. रोग पसरलेला असेल, ऑपरेशन होणार नसेल, तेव्हा मात्र सुई घालावीच लागते, कारण नमुन्याशिवाय औषध ठरत नाही. बऱ्याच ठिकाणी ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून अर्ध्या तासात बघतात, फ्रोझन सेक्शन. त्यालाही मर्यादा आहेत.

मुक्ता_ठाणे:
एक बाळबोध शंका. गाठ काढलीच ना, मग ती अमुक जातीची की तमुक, यानं फरक काय पडतो? माझ्या दिरांचं असंच चाललंय. पहिल्या रिपोर्टात फक्त 'पुअरली डिफरन्शिएटेड कार्सिनोमा' लिहिलंय आणि उद्या-परवा केमो सुरू करू म्हणतात. रोग यकृतात गेलाय.

काचपट्टी:
मुक्ताताई, शंका बाळबोध नाही, या धाग्यावरची सगळ्यात महत्त्वाची आहे. औषध जातीवर ठरतं. नेहमीच्या अडेनोकार्सिनोमाला जेमसायटाबिन आणि सिसप्लॅटिन देतात, अलीकडे त्याला इम्युनोथेरपीची जोडही देतात. तीच गाठ न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा निघाली, म्हणजे या कुळातली जहाल जात, तर एटोपोसाइड आणि प्लॅटिनम गटातलं औषध. आणि येरळाकाठ यांच्या आईसारखी संथ जात पसरलेली असेल तर वाटच निराळी. तेव्हा गॅलियम-६८ चा डोटा पेट स्कॅन करतात. या पेशींच्या अंगावर सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनची कुलपं असतात, त्यांत किल्लीसारखा बसणारा पदार्थ किरणोत्सारी करून टोचतात, आणि गाठ असेल तिथं उजळते. उजळली तर त्याच किल्लीला ल्युटेशियम-१७७ लावून उपचारही करता येतो. हे ल्युटेशियम आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत बनतं आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये त्याचे उपचार होतात, हे बऱ्याच मुंबईकरांना माहीत नसतं.

अडेनोकार्सिनोमातही आता हर-२ या प्रथिनाची तपासणी करून घ्यावी. काही रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते आणि त्यावर स्वतंत्र औषधं आहेत.

तुमच्या दिरांच्या डॉक्टरांना आजच विचारा, आयएचसी झाली का? नसेल तर ती करून घेता येईल का? चार-पाच दिवसांत होते. पेशंट फार अशक्त नसेल तर तेवढं थांबणं बहुतेक वेळा शक्य असतं, पण तो निर्णय त्यांना समोर बघणाऱ्या डॉक्टरांचा.

येरळाकाठ:
मुक्ताताई, ठोकळ्यांबद्दल मी सांगतो, कारण त्यात आम्ही धडपडलोय. लॅबमध्ये जाऊन 'ब्लॉक आणि स्लाइड पाहिजेत' असं म्हणा, लेखी अर्ज द्या. ब्लॉक म्हणजे काडेपेटीहून लहान प्लॅस्टिकची जाळी, तिच्यावर पांढरं मेण आणि मेणात नखाएवढा तपकिरी तुकडा. कडेला नंबर लिहिलेला असतो. तो नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथल्या तिथं ताडून बघा. आमच्या एका ब्लॉकवर भलताच नंबर होता, टेक्निशियननं दिलगिरी व्यक्त करून बदलून दिला. सगळे ब्लॉक मागा, एकच नको. आणि उन्हाळा आहे, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. मी स्टीलच्या डब्यात रुमाल घालून नेले. स्लाइड काचेच्या असतात, त्यांची वेगळी डबी मिळते.

मुक्ता_ठाणे:
तुमचे दोघांचे आभार मानायला शब्द नाहीत. दिरांच्या मुलाला आत्ताच फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. तो सकाळी दहाला लॅबसमोर उभा राहील.

सायली_पुणे:
मी सहा महिन्यांनंतरची तारीख घेऊन ठेवली. जुन्या रिपोर्टात 'देठाचा' असं लिहिलेलं होतं, मी घाबरून आकडाच वाचत बसले होते.

गोदाकाठचा_राम:
पहिल्यांदाच लिहितोय, एरवी नुसता वाचतो. उद्या सकाळी वहिनीचं खड्यांचं ऑपरेशन आहे, कोपरगावला. हा धागा आत्ता रात्री अकराला दिसला. बरणी कोणाकडे मागायची? डॉक्टरांना राग तर येणार नाही ना?

वैनगंगा:
राम, राग येण्याचं काही कारण नाही. ऑपरेशनच्या आधी, वहिनींना आत नेण्यापूर्वी, सर्जनना एवढंच सांगा की आम्हाला हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे काढलेल्या पित्ताशयाची लॅबमध्ये तपासणी, करायची आहे, खर्च आम्ही देऊ. आधी सांगितलं की ओटीतल्या सिस्टर फॉर्मालिन काढून ठेवतात. नंतर सांगितलं की धावपळ होते आणि मग सलाइन ओततात.

काचपट्टी:
आणि बरणी रुंद तोंडाची घ्या. अरुंद तोंडाच्या बाटलीत पित्ताशय कोंबून घालतात, ते फॉर्मालिनमध्ये घट्ट झालं की बाहेर निघत नाही, तुकडे होतात. सर्जनना विनंती करा की उघडून घाला. बंद पिशवीच्या आत पित्त राहतं आणि ते अस्तरच खाऊन टाकतं, मग आम्हाला बघायला उरतं काय? फॉर्मालिन नमुन्याच्या दहा पट तरी हवं, नुसतं बुडेल एवढं पुरत नाही. फ्रीजमध्ये ठेवू नका. वहिनींचं पूर्ण नाव, वय, तारीख आणि कोणता अवयव हे बरणीच्या अंगावर लिहा. झाकणावर लिहू नका, लॅबमध्ये एका वेळी दहा झाकणं उघडलेली असतात. सोबत सोनोग्राफीच्या रिपोर्टची झेरॉक्स द्या.

गोदाकाठचा_राम:
लिहून घेतलं. लोणच्याची एक रिकामी बरणी आहे घरात, रुंद तोंडाची. ती धुऊन चालेल का?

काचपट्टी:
झाकण घट्ट बसत असेल आणि गळत नसेल तर चालेल. गरम पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी करा. जुनं लेबल मात्र काढून टाका.

गोदाकाठचा_राम:
काढतो. उद्या रात्री कळवतो.